किसनतात्यांच्या घराला दार नव्हतं

अकरा वर्षं मी तारऑफिसात मोर्सची कटकट ऐकली. जन्माच्या, मरणाच्या, बदलीच्या, पास-नापासाच्या तारा कानात शिरल्या आणि पेन्सिलीतून कागदावर उतरल्या. तार उतरवताना मजकुराकडे लक्ष द्यायचं नसतं. दिलं की अक्षर चुकतं. ही शिस्त मी एकदाच मोडली. कर्जतला, त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, सकाळी ऑफिस उघडून तासही झाला नव्हता.

तार विलायतेहून आलेली. 'किसनतात्यांना विमानतळावर अटक. सामानात अफू सापडली. घरी कळवा.'

मी पेन्सिल खाली ठेवली. नगरच्या ऑफिसला म्हटलं, मजकूर परत पाठव. त्यानं पाठवला. तीच अक्षरं. पुन्हा म्हटलं, परत पाठव. तेव्हा पलीकडचा चिडला आणि यंत्रावरूनच विचारता झाला, कान धुऊन आला नाहीस काय आज? अफू? आणि किसनतात्या? अहो, हा माणूस चहासुद्धा अर्धा कप घ्यायचा आणि उरलेला अर्धा मला प्यायला लावायचा!

किसनतात्या म्हणजे आमच्या भागातले जिल्हा परिषदेचे सभासद. विरोधी बाजूचे. पक्ष कुठला ते सोडा, त्या पक्षानं पुढं जे केलं त्यानंतर त्याचं नाव घ्यायची मला इच्छा नाही. मूळचे शनिशिंगणापूरचे, दहाव्या वर्षी मामाच्या शेतीवर कर्जत तालुक्यात आले ते इथलेच झाले. पण शिंगणापूर त्यांच्यातून निघालं नाही. कर्जतपासून सहा मैलांवरच्या गावात त्यांनी स्वतःचं घर बांधलं, त्याला चौकट बसवली आणि दार बसवलंच नाही. कुत्रं आत येऊ नये म्हणून एक फळी आडवी लावायची, बास. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बाहेर उभा राहून दार शोधत होतो. वाजवायचं काय?

"या की मास्तर," आतून आवाज आला. "हितं वाजवायला काय न्हाई. माणूस आला की दिसतो."

मी माणूस कुलपाचा. आईनं लहानपणी ट्रंकेला कुलूप लावायला शिकवलं आणि नोकरी मिळाली ती लाख-मोहरेची. पिशवीला सील, पाकिटाला सील, पार्सलाला कापड शिवून त्यावर सील. माझी बायको म्हणायची, तुमच्या डब्यातल्या भाकरीलाही एक दिवस मोहर माराल. आणि तात्या? ऑफिसात यायचे, खिडकीपाशी पिशवी ठेवायचे आणि दिवसभर तालुक्यात भटकून संध्याकाळी न्यायला यायचे. पिशवीत अर्ज, कागद, कधी घरी न्यायचं रेशन. मी एकदा खेकसलो, "तात्या, ही काय धर्मशाळा आहे? कुणी उचलली म्हणजे?"

"उचलली तर त्येला गरज असंल."

"आणि त्यात कुणी काही घातलं म्हणजे?"

तात्या हसले. मनापासून, पोट धरून हसले. "लोकं काढून नेत्यात मास्तर, घालतंय कोन? येवढं चांगलं जग कुठं राह्यलंय!"

हे आमचं बोलणं मला शब्द न् शब्द आठवतं. का आठवतं ते पुढं कळेल.

तात्यांचं एक पालुपद होतं. बघितलं ते बोलतो, बघितलं न्हाई ते बोलत न्हाई. दुष्काळात तालुकाभर खडी फोडायची कामं निघाली. बाया उन्हात दगड फोडत होत्या आणि त्यांना खायला सरकारी सुकडी मिळत होती, भाजलेल्या पिठाची गोड भुकटी. इतर पुढारी पेपरात वाचून भाषणं ठोकायचे. तात्या कामावर जाऊन बायांच्या ओळीत बसले, हातात सुकडी घेतली, तोंडात टाकली आणि तिथंच थुंकली. दुसऱ्या दिवशी जिल्हा परिषदेच्या सभेत त्यांनी कापडी पिशवी अध्यक्षांच्या टेबलावर उपडी केली. सुकडीत अळ्या होत्या, जिवंत. त्या टेबलभर वळवळायला लागल्या आणि सभासद खुर्च्या सोडून उठले. तात्या शांतपणे म्हणाले, "साहेबास नमस्कार. ही आमच्या बायांची न्याहरी. चांगलं धान्य कुठं गेलं तेवढं सांगा, मी बसतो."

नमस्कार त्यांचा कधी चुकला नाही. तारेत शब्द कमी लिहावेत हे सगळा मुलूख शिकला, तात्या नाही शिकले. मंत्र्याला तार करायची तरी आधी 'साहेबास नमस्कार', मग पाण्याचा टँकर आला नाही म्हणून झाडाझडती, आणि शेवटी पुन्हा नमस्कार. ती तार इंग्रजीत करताना माझी दमछाक व्हायची.

त्या अळ्यांची बातमी कशी कोण जाणे विलायतेला पोचली. दुष्काळाला मदत पाठवणाऱ्या तिथल्या एका धर्मादाय मंडळानं आमच्या जिल्ह्यातून तीन माणसं बोलावली, इथली हकिगत तिथल्या सभेत सांगायला. एक नगरचे प्राध्यापक, इंग्रजी बोलायला. एक सत्ताधारी बाजूचे गृहस्थ, सहकारातलं मोठं प्रस्थ. यांचं नाव मी आजही घेणार नाही, कारण माझ्याकडे पुरावा नाही. आणि तिसरे तात्या. तिथं जाऊन हा माणूस काय बोलणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाठवलेलं धान्य पोचत नाही हेच बोलणार. काहींची झोप उडाली असणार, यात मला शंका नाही.

आमच्याकडे कुणी पुण्याला निघालं तरी गाव त्याच्या हाती चार गाठोडी देतं. तात्या तर विलायतेला निघालेले! पण पुढाऱ्याला कसं सांगायचं म्हणून लोक भ्याले. भ्याल्या नाहीत फक्त चंद्रभागाकाकू. कर्जतमध्येच माझ्या शेजारी राहायच्या, नवरा लवकर गेलेला. त्यांचा हरी लंडनला डॉक्टरीची वरची परीक्षा द्यायला गेला होता. काकूंनी त्या दुष्काळात कुठून कुठून डिंक मिळवला, खोबरं मिळवलं, तुपाची जमवाजमव केली आणि लाडू वळले. मोजून चाळीस आणि वर एक. द्यायचं ते वरकड द्यावं, अशी त्यांची रीत. तेवढे लाडू पत्र्याच्या डब्यात मावेनात. झाकण बसेना. शेवटी माझ्या पडवीत तात्या त्या डब्यावर चक्क बसले, तेव्हा झाकण खट्टकन लागलं. काकू पदर तोंडाला लावून हसल्या.

मी म्हटलं, "थांबा. याला कापड शिवतो, लाखेचं सील मारतो. पाच मिनिटांचं काम."

"कशापायी?"

"कशापायी म्हणजे? परदेशी चाललाय डबा!"

"मास्तर, माझ्यासंगं दोन जनं हायेत. मी सील मारून डबा नेला तर त्येंला काय वाटंल? ह्यो आपल्याला चोर समजतोय, आसंच ना?" आणि डबा तसाच ट्रंकेत घातला. ट्रंकेला कुलूप नव्हतंच. कोयंडा होता, त्यात एक काडी खोचली.

सुई-दोरा माझ्या हातात होता. मी आग्रह धरला नाही. आजही एखादं पार्सल शिवताना तो डबा डोळ्यांपुढं येतो आणि स्वतःच्या मुस्कटात मारून घ्यावीशी वाटते.

तर ती तार घेऊन मी स्वतः सायकलवर सहा मैल गेलो. तात्यांच्या घरच्या, जनाबाई, ज्वारी निवडत होत्या. मी वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "अफू म्हंजे लहान पोरांला चाटवत्यात ती?" मी म्हटलं, तीच. सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकत त्या म्हणाल्या, "आमच्यात तर पोरंच न्हाईत."

आठवड्यानं प्राध्यापकांचं पत्र माझ्या पत्त्यावर आलं. ते वाचून मी सुन्न झालो. मुंबईत हे तिघं दोन दिवस एकाच खोलीत उतरले होते. निघायच्या सकाळी सहकारवाल्या गृहस्थांच्या पोटात दुखायला लागलं, ते मुंबईतच राहिले. दोघेच गेले. तिकडच्या विमानतळावर शेकडो माणसं रांगेत, पण अधिकारी थेट तात्यांपाशी आले. ट्रंक उघडली, धोतरं-सदऱ्यांना हात लावला नाही, थेट डबा काढला. लाडवांच्या खाली मेणकापडात अफूचा गोळा. कुणीतरी आधीच कळवल्याशिवाय हे होत नाही, असं प्राध्यापकांनी लिहिलं होतं. पुढं लिहिलं होतं:

'मी दुभाषा होतो. डबा कुणाचा, असं त्यांनी विचारलं. तात्या म्हणाले, माझा. कुणी भरला? मीच. मी हात जोडून सांगितलं, तात्या, ज्याचा असेल त्याचं नाव सांगा. तर मला म्हणाले, हातात घेतला तवा माझाच की.'

त्याच पाकिटात तात्यांच्या मोठमोठ्या अक्षरांतली चिठ्ठी होती. 'मास्तरास नमस्कार. डब्याचं कुणाला बोलू नका. काकूला तर नकोच. पोराची परीक्षा हाय. पोलीस त्याच्या खोलीवर गेले तर पोरगं कामातनं जाईल. माझं काय, मी शेतकरी माणूस. नमस्कार.'

आता काय सांगू? संतापानं माझं डोकं फिरलं. तात्यांवर, त्या काडीवर, स्वतःवर. आणि तोंडाला कुलूप! ते लावायला तात्यांनी नेमकं मला गाठलं.

इकडे दोन दिवसांत सगळीकडे बोभाटा झाला. सुकडीवर बोंबलणारा अफूचा व्यापारी निघाला, असं कर्जतच्या चौकात लाऊडस्पीकरवर सांगत होते. त्यानं स्वतः कबूल केलंय हो, सामान माझं, मीच भरलं म्हणून! याला काय उत्तर देणार? तात्यांच्या पक्षानं चार ओळींचं पत्रक काढून हात झटकले. खडी फोडणाऱ्या बाया काही दिवस भांडल्या, मग त्याही गप्प झाल्या. मला सगळ्यांत जास्त लागलं ते हे की माझ्या खिडकीसमोर उभं राहून लोक कुजबुजायचे, इतका साधा माणूस कसा असेल, काहीतरी असणारच. मी आत बसून ऐकायचो. खरं मला माहीत होतं आणि मी पाकिटांवर शिक्के मारत होतो.

मग घराची झडती. पोलीस आले, पंच आले, मीही गेलो. ट्रंका, कणग्या, देव्हारा, सगळं उलथंपालथं केलं. सापडलं काय? सुकडीच्या नमुन्याच्या सतरा पुड्या. निघताना फौजदाराला घराला सील लावायचं होतं. तो लाख आणि सुतळी घेऊन घराभोवती फिरला आणि शेवटी मला विचारतो, "याला दार कुठंय हो?" एरवी मी हसून हसून लोळलो असतो. पण जनाबाई अंगणात सांडलेली ज्वारी गोळा करत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "नव्हतं. आता लावनार."

"आता कशाला, वहिनी?" मी विचारलं.

"पेटीत घातली त्येंनी. उद्या घरात घालायला किती उशीर?"

चार दिवसांत सुतारानं बाभळीचं दार बसवलं. आत कडी, बाहेर कोयंडा. पितळी कुलूप जनाबाईंनी माझ्याकडूनच मागवलं. नगरहून आणून दिलं मी. ते त्यांच्या हातात ठेवताना मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. इतकी वर्षं मी तात्यांच्या मागं लागलो होतो, कुलूप लावा, कुलूप लावा. लागलं एकदाचं.

यात दोन महिने गेले. एके दुपारी चंद्रभागाकाकू खिडकीशी आल्या. हातात हरीचं पत्र. काकूंना वाचता येत नसे. त्यांची पत्रं मीच वाचायचो. हरीनं सहज लिहिलं होतं, आई, लाडू काही पोचले नाहीत.

"आसं कसं?" काकू म्हणाल्या. "तात्यांला धरलं म्हने, त्येंच्या पेटीत अफू घावली म्हने. मग माझा डबा कुठं गेला?"

मी गप्प बसायला हवं होतं. तात्यांनी तसं बजावलं होतं. पण म्हातारी माझ्याकडे टक लावून बघत होती आणि माझ्यानं राहवलं नाही. मी आतून प्राध्यापकांचं पत्र आणलं आणि सगळं वाचलं. तिकडचे लोक पंचनाम्यात फार काटेकोर. काय काय सापडलं त्याची यादी प्राध्यापकांनी जशीच्या तशी उतरवली होती. धोतरं चार. सदरे चार. टोप्या दोन. पत्र्याचा डबा एक, त्यात काळा गोळा एक, गोड पदार्थाचे गोळे एकोणतीस.

"किती?" काकू म्हणाल्या.

"एकोणतीस."

"परत वाच."

मी परत वाचलं. काकूंनी खिडकीची चौकट धरली.

"एक्केचाळीस हुते. झाकन लागत नव्हतं. तात्या वर बसले तवा लागलं, तू हुतास की रे तितं! मग ती अफू मावली कुठं?"

अहो, मी हे पत्र वीस वेळा वाचलं होतं! रात्रंदिवस अक्षरं मोजणारा माणूस मी, आणि ते एकोणतीस मला दिसले नव्हते. बारा लाडू कुणीतरी बाहेर काढले होते. जागा केली होती.

"काकू," मी म्हटलं, "हे सांगायला गेलं तर डबा तुमचा होता हेही सांगावं लागेल. हरीला पोलीस बोलावतील. त्याची परीक्षा—"

"परीक्षा पुन्यांदा देता येती," काकू म्हणाल्या. "तात्याचं नाव मी पुन्यांदा कुठनं आनू? लिही तार."

आणि तिथंच उभ्यानं त्यांनी हरीला सांगायचा मजकूर सांगितला. डबा माझा. लाडू एक्केचाळीस. तात्यांला काय बी ठावं न्हाई. पोलिसात जाऊन सांग. मी यंत्रावर बसलो. अकरा वर्षांत तार पाठवताना मी कधी रडलो नव्हतो, त्या दिवशी रडलो. अक्षर मात्र एकही चुकू दिलं नाही.

हरी पोलिसांत गेला, आणि त्यानं डबा माझ्यासाठी होता म्हणून सांगितलं. त्याची उलटतपासणी झाली, ती परीक्षा हुकली, वर्ष वाया गेलं. इकडे काकूंनी नगरला जाऊन जबाब दिला, माझाही झाला. कागद तिकडे पोचायला, न्यायाधीशांपुढं यायला दिवाळी उजाडली. अफू ठेवली कुणी ते सिद्ध झालं नाही, पण तात्यांना ती ठाऊक होती हेही सिद्ध झालं नाही. सोडून दिलं. ते भाषण मात्र राहिलंच. दरम्यान पाऊस चांगला झाला, खडीची कामं बंद पडली, सुकडी लोक विसरले.

तात्या परत आले त्या दिवशी कर्जतच्या स्टँडवर हार घेऊन कुणी नव्हतं. मी होतो आणि काकू होत्या. गाडीतून आधी ट्रंक उतरली, मग तात्या. सदरा अंगावर लोंबत होता. कोयंड्यात काडी तशीच. काकूंनी त्यांच्या पायाला हात लावायचा प्रयत्न केला, तर ते दोन पावलं मागं सरले. "काकू, तुमचा डबा तिकडंच राह्यला," ते म्हणाले. काकू भर स्टँडवर हुंदके देऊन रडल्या.

गावापर्यंत आम्ही दोघं चालत गेलो, ट्रंक माझ्या सायकलच्या कॅरिअरवर. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. बांधावरची माणसं तात्यांना बघायची आणि कामाला वाकायची. रामराम आला नाही असं नाही, पण तो जरा उशिरा यायचा. मी म्हटलं, "तात्या, बारा लाडू कुणी खाल्ले असतील हो? डिंकाचे! आणि निघायच्या दिवशी पोट नेमकं कुणाचं दुखलं?"

मला वाटलं हसतील. पूर्वीसारखे, पोट धरून. ते चालत राहिले.

"बघितलं न्हाई मी, मास्तर."

"अहो, पण उघड आहे की!"

"बघितलं न्हाई ते बोलत न्हाई. माझ्यावर न बघता बोलले, ते मी बघितलंय." मग म्हणाले, "तुमी म्हनला हुता. कुनी घातलं म्हंजे? मी लई हसलो हुतो."

गावात शिरलो तेव्हा ऊन कलत होतं. दाराचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. अख्ख्या सहा मैलांत दहा वेळा तोंडाशी आलं आणि दहा वेळा गिळलं. घर दिसलं. तात्या नेहमीच्या चालीनं अंगणात गेले, फळी बाजूला करायला हात पुढं केला आणि तो हात बाभळीच्या दारावर पडला.

ते थबकले. दाराकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत. कोयंड्याला बोट लावलं. माझ्याकडे वळून बघितलं, आणि मी खाली बघितलं. आठवड्यानं माझी बदली झाली आणि तात्या मला पुन्हा दिसले नाहीत. त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर राहिलेत ते हेच तात्या, आपल्याच घरापुढं काय करावं ते न सुचलेले.

मग त्यांनी दार वाजवलं. धड वाजवताही येत नव्हतं त्यांना. तळहातानं थोपटल्यासारखं केलं.

आतून जनाबाईंचा आवाज आला. "कोन हाय?"

त्या घरात हा प्रश्न आजवर कुणी कुणाला विचारला नव्हता. तात्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"मी हाय," ते म्हणाले. "किसन. शिंगणापूरचा."